ङ नसलेली यादी

बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी पान पांढरंफटक पडलं, आणि आईसमोर काढू नये अशी शिवी अपोंडीच्या तोंडून निघून गेली. एरवी आईनं चांगली कानउघाडणी केली असती. पण कालपासून ती ऑफिसातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांडीत चहाचा थर्मास धरून बसली होती, आणि त्या थर्मासात चहा नव्हता. मासळीबाजारातून आणलेला बर्फ होता, आणि बर्फात रुमालात गुंडाळलेल्या इन्सुलिनच्या तीन बाटल्या.

त्या बाटल्या ओडिंडोच्या. ओडिंडो म्हणजे अपोंडीचा थोरला भाऊ, नदीकाठच्या गावात शाळामास्तर. सोळाव्या वर्षापासून दिवसातून चार वेळा सुई टोचून घेणारा माणूस. त्याच्या गावात विजेचा भरवसा नाही, म्हणून औषधाचा साठा इथं सियाया शहरात आईच्या फ्रिजमध्ये असायचा आणि दर पंधरा दिवसांनी शनिवारी तो येऊन घेऊन जायचा. मंगळवारी पहाटे न्झोया नदीचा बांध फुटला. शाळा छपरापर्यंत बुडाली. त्याच्या खोलीत जे काही होतं ते गेलं, फोन बंद झाला, आणि तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

"दोन दिवस काढतो तो," आई सांगत होती. विचारेल त्याला सांगत होती, न विचारेल त्यालाही. "कॉलेजात एकदा काढले होते. तिसऱ्या दिवशी बेशुद्ध पडला. तिसरा दिवस नको."

तिसरा दिवस म्हणजे गुरुवार.

पुरातून वाचलेले लोक तीन उंच जागी गोळा झाले होते: टेकडीवरची प्राथमिक शाळा, बाजाराचं गोदाम आणि दगडी चर्च. मदत समितीकडे मोटरबोट एकच. एका फेरीला चार तास. ती कुठे पाठवायची हे ठरवणार अडेरोबाई, आणि अडेरोबाईंचा हुकूम असा होता की फोन करून कोणी डोकं खायचं नाही, जे काय असेल ते यादीत टाका, यादीत दिसलं की बोट निघेल. यात चूक काहीच नव्हतं. मंगळवारी फोनच्या गर्दीत दोन बोटफेऱ्या एकाच ठिकाणी गेल्या होत्या.

यादी करायचा वांडेरा, त्या दगडी चर्चचा कारकून. बाकीच्या दोन ठिकाणची नावं त्याला वायरलेसवर कळत. त्याच्या लॅपटॉपवर सभासदांची नोंद ठेवायचा एक जुनाट प्रोग्राम होता. त्यात नाव, जागा, वेळ, गरज भरली की तो ते सगळं ठरावीक खुणांत बांधून एक्सएमएल फाइल काढून द्यायचा. मग वांडेरा घंटेच्या मनोऱ्यावर चढायचा, फोनवर नेटवर्कची एखादी काडी उगवली की फाइल पाठवायचा आणि बॅटरी वाचवायला फोन बंद करून खाली उतरायचा.

पुढचं काम अपोंडीचं. टायरच्या दुकानावर दोन खोल्यांचं तिचं ऑफिस. ती आणि केफा असे दोघंच, शाळांची आणि पतपेढ्यांची वेबपानं बनवून पोट भरणारे. तिनं मंगळवारी तीन तासांत पान उभं केलं. ब्राउझरनं दर दहा मिनिटांनी ताजी फाइल आणायची, तिची फोड करायची, एकेका माणसाची एकेक ओळ दाखवायची. बरा आहे, हिरवी. औषध किंवा मदत हवीय, लाल. गेला, काळी. मंगळवार संध्याकाळपर्यंत अख्खा तालुका त्या पानाकडे डोळे लावून बसला होता.

आणि आता पांढरं.

"घोडं कुठं पेंड खातंय?" केफानं खुर्ची ओढत विचारलं.

"एकसष्टाव्या ओळीवर. तिथं फाइल फाटलीय म्हणतोय."

"एका ओळीसाठी सगळंच बंद?"

"एक्सएमएल आहे ते, बाबा. साध्या वेबपानात शंभर चुका करा, ब्राउझर सांभाळून घेतो. याचं मात्र कडक सोवळं. एक खूण चुकली की अख्खी फाइल बाटली."

टेबलावरचे तिन्ही फोन वाजत होते. खाली टायरच्या दुकानापाशी पन्नास-साठ माणसं उभी होती आणि त्यातली एक बाई वर बघून ओरडत होती की तुम्ही बंद का केलं, पैसे हवेत का तुम्हाला. अडेरोबाई एका फोनवर, "पोरी, बोट धक्क्यावर उभी आहे, कुठे पाठवू सांग."

"वांडेराला विचार काय झालं ते," केफा म्हणाला.

"फोन बंद त्याचा. आणि काय असणार? जाड बोटांचा माणूस, दाबलं असेल भलतंच बटण." तिनं कीबोर्ड पुढे ओढला. "अडली ओळ की काढायची आणि पुढं जायचं. एवढंच करते."

तिनं सात-आठ ओळी खरडल्या. फाइल वाचून बघ. अडलं तर कितव्या ओळीवर अडलं ते बघ. ती ओळ काढून टाक. पुन्हा वाच. पुन्हा अडलं तर पुन्हा काढ. प्रत्येक माणूस एका ओळीत, त्यामुळे गेलाच तर एखादा जाईल, तो मागून बघता येईल.

"काढलेल्या ओळी कुठंतरी लिहून ठेव हं," केफा म्हणाला.

"नंतर."

आणि पान भरलं! खालून आरोळी उठली. केफानं टेबलावर थाप मारली. "अगं बया, तू म्हणजे ना! समितीनं तुझा पुतळा उभारायला हवा, टायरच्या ढिगावर." अपोंडीला हसू आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. गोदामात एक बाई अडली होती, तिची ओळ लाल होती. बोट तिकडे निघाली.

मग तिनं भावाचं नाव शोधलं. ओडिंडो नावाचे दोघं सापडले, एक साठीचा आणि एक चार वर्षांचा. आडनाव शोधलं, दोन्ही तऱ्हांनी, शेपटीसह आणि शेपटीविना.

ही शेपटी काय ते सांगायला हवं. त्यांचं आडनाव ओङायो. आपल्या बाराखडीत हा ङ असतो, शाळेत घोकून घेतात आणि 'वाङ्मय' सोडलं तर जन्मभर कोणी त्याला विचारत नाही. इथल्या लुओ लोकांचं मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही, घराघरात ङ. इंग्रजी अक्षरांत तो आवाज लिहायचा तर एन, जी आणि त्यांच्या पुढे वरच्या अंगाला एक शेपटी, अवतरणाला देतो तशी एकेरी खूण. शेपटी गाळली की ओङायोचा ओंगायो होतो. अपोंडी सगळीकडे ओंगायोच लिहायची, कारण बँकेचा असो की पासपोर्टचा, कुठल्याच फॉर्मला ती शेपटी पचत नाही आणि खिडकीवरचा माणूस आपल्यालाच झापतो.

दोन्ही नावं नव्हती.

"नाही आई. अजून नाही."

"पुन्हा बघ."

पुन्हा बघितलं. दर दहा मिनिटांनी बघितलं. संध्याकाळपर्यंत नावं वाढत गेली आणि त्यात तो नव्हता. कोणीतरी फोन करून म्हणालं, आमच्या काकांचं नाव काल होतं, आज नाही. केफानं समजावलं की बाबा, गर्दीत दुसऱ्या कोणाचं पाहिलं असेल, नाव आलं की जात नाही. तो माणूस फोनवरच रडायला लागला. असे दोन-तीन फोन झाले.

गुरुवारी सकाळी आईनं मासळीबाजारात जाऊन बर्फ बदलून आणला. रात्रभर तिनं पाठ टेकली नव्हती आणि तिच्या लुगड्याला माशांचा वास येत होता. केफानं खालून मांदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, आणि चहा आणला. "मिन ओडिंडो, दोन घास खा," तो म्हणाला. इथे बाईला थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. मिन ओडिंडो, ओडिंडोची आई. म्हातारीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं बशी तिथंच ठेवली आणि गॅलरीत निघून गेला.

अडेरोबाईंचा फोन आला. शाळेत पोरांना हगवण लागली होती, बोट तिकडे चालली होती. मग त्यांचा आवाज खाली आला. "अपोंडी, बेपत्ता माणसांची यादी आज पोलिसांना द्यायची आहे. मास्तरांचं नाव घालू?"

"नका घालू."

"बाई गं, तिसरा दिवस आहे."

"तुम्हीही तेच म्हणा! नका घालू म्हटलं ना!" आणि तिनं फोन आपटला, आणि मग पुन्हा उचलून माफी मागितली. तिला मनातून कळत होतं की चर्चमध्ये एकही लाल ओळ नाही, तिथं सगळं ठीक दिसतंय, गोदामात नाही, शाळेत नाही. म्हणजे तो पाण्यात आहे. हे आईला सांगायचं कसं? कोणत्या तोंडानं?

दुपारी अडीचला आई म्हणाली, "मला यादी वाचून दाखव."

"आई, शंभर वेळा शोधलं. नाही त्यात."

"तू यंत्राला विचारलंस. मला वाच. सगळी. पहिल्यापासून." आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला पडद्यावरचे रंग कळत, अक्षर नाही. "त्याच्या शेजारपाजारचं कोण आहे ते तरी कळेल. मग त्यांना विचारू, शेवटचा कुठं दिसला."

अपोंडी वाचायला लागली. ओळख पटली की आई मान हलवी. हा सुतार. ही त्याची धाकटी बायको, कजाग मेली, वाचली वाटतं. हा बोटवाला. हे कोण? हां, ती डाळ विकणारी. अपोंडीनं मध्येच थंड झालेला चहा प्यायला आणि पुढे वाचत राहिली. शंभर झाली. दोनशे झाली. अडीचशेच्या पुढे आईनं हात वर केला.

"थांब. ओङोंडो कुठाय? सुताराला लागून घर त्याचं."

"नसेल, आई."

"आणि न्याङोरी? आठ पोरांची आई, एक तरी असेल ना? आणि अङियेंडाचं घर? ते तर चर्चच्या वरच्या अंगाला, तिथं पाणी चढतच नाही." आईचा आवाज चिरला. "अगं, इतकी नावं वाचलीस तू, एकदाही ङ म्हटलं नाहीस. आमच्या गावात ङ नाही असं घर दाखव मला. सगळे ङ वाहून गेले आणि बाकीचे वाचले? नदी काय नाव विचारून नेते?"

अपोंडीनं माऊस ओढला, घाईत दोनदा भलतंच उघडलं. तिसऱ्यांदा मूळ फाइल उघडली, वांडेरानं पाठवलेली, तिनं हात न लावलेली. एकसष्टावी ओळ.

जुनाट प्रोग्राम नाव लिहिताना दोन्ही बाजूंना एकेरी खुणेचं कुंपण घालत होता. त्या कुंपणात नाव होतं ओङायो, शेपटीसकट. शेपटी आणि कुंपण एकच खूण. ब्राउझरनं 'ओन्ग' पर्यंत वाचलं, कुंपण संपलं असं धरलं, आणि पुढचं 'आयो' बघून म्हणाला, हे काय भलतंच, फाइल फाटलीय.

फाइल फाटलेली नव्हती. वांडेराची बोटंही चुकली नव्हती. एकसष्टाव्या ओळीवर तिचा भाऊ होता.

"केफा!" ती किंचाळली. "केफा, मी काढलं त्याला! मीच काढून टाकलं!"

केफा धावत आला, त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि तो मटकन बसला. "सगळे शेपटीवाले," तो पुटपुटला. "किती आहेत?"

तेवीस होते. तेवीस माणसं तिनं बुधवारी दुपारपासून दर दहा मिनिटांनी एकदा, न चुकता, यादीतून उचलून बाहेर फेकली होती.

दुरुस्ती अशी कितीशी? नावातली शेपटी दिसली की फोड करण्याआधी तिच्या जागी एक ठरलेला संकेत घालायचा, ब्राउझर तो निमूट वाचून पुन्हा शेपटी करून दाखवतो. चार मिनिटांचं काम. बुधवारीही चारच मिनिटं लागली असती. ती दातांत ओठ धरून टाइप करत होती आणि डोळ्यांतलं पाणी कीबोर्डवर पडत होतं.

पान पुन्हा भरलं. तेवीस नावं आली. एकवीस हिरवी आणि दोन लाल, आणि त्या लालांतली पहिली: ओडिंडो ओङायो, दगडी चर्च, बुधवार अकरा वाजून पाच मिनिटं, इन्सुलिन, तातडीनं.

"आई! आहे! चर्चमध्ये आहे!"

म्हातारी उठली ती थर्मास उंच धरून, आणि तिनं अशी आरोळी ठोकली की खालच्या रस्त्यावरची माणसं थांबली. केफानं तिला मिठी मारली, थर्मासासकट. अपोंडीनं अडेरोबाईंना फोन लावला, आणि त्या, देवमाणूस, एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. "बोट आत्ताच परत आलीय. तेल भरतायत. औषध धक्क्यावर पोचव, वीस मिनिटं थांबते, जास्त नाही. मी स्वतः जाते." अपोंडी थर्मास घेऊन जिना उतरली, तीन-तीन पायऱ्या एका दमात. नाक्यावरच्या बोडावाल्याच्या, भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, हातात थर्मास दिला, पैसे किती ते विचारलं नाही, मूठभर नोटा कोंबल्या. "धक्क्यावर. अडेरोबाई. पडलास तरी हे पडू देऊ नकोस." मोटारसायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती रस्त्यात उभी राहिली. मग वर आली, कठड्याला धरून आली.

आई पडद्याच्या अगदी जवळ नाक नेऊन बसली होती. केफा गॅलरीत दुसऱ्या लाल नावाच्या घरच्यांशी फोनवर बोलत होता.

"बरं झालं आलीस," आई म्हणाली. "आत्ता ते हललं जरासं, आणि बघ ना, आपलं लाल होतं ते काळं झालंय. काय लिहिलंय?"

ताजी फाइल आली होती. पानानं ती आणली होती, फोड केली होती, शेपटी नीट सांभाळली होती. ओडिंडो ओङायो, दगडी चर्च, गुरुवार एक वाजून चाळीस मिनिटं. तीन वाजून गेले होते.

"काय लिहिलंय गं?"

टेबलावरचा फोन वाजला. नाव वांडेराचं. अपोंडीनं तो कानाला लावला, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना.

"मास्तरांची बहीण ना?" वांडेराच्या आवाजाला वारा लागत होता, तो मनोऱ्यावर होता. "पोरी, मास्तर गेले. सकाळपासून शुद्ध नव्हती. मला फोन करायचा नाही म्हणून सांगितलं होतं, मी म्हटलं यादीत आहे, लाल आहे, बोट निघालीच असेल. काल दिवसभर विचारत होते, वांडेरा, लागलं का नाव? मी म्हटलं लागलं, मास्तर, स्वतः पाठवलंय."

"हो," ती म्हणाली.

"नाव चुकलेलं नव्हतं गं. आधी मी आपला नेहमीसारखा ओंगायो लिहिला होता, सगळ्यांचंच तसं लिहितो, कोण ती शेपटी शोधत बसणार. तर मास्तरांनी पाहिलं. ताप असा, घसा सुकलेला, तरी माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, नीट लिही, माझी बहीण शोधत असेल, चुकीचं लिहिलंस तर तिला सापडायचा नाही. मग दुसऱ्यांचीही दुरुस्त करून घेतली त्यांनी. एकेक. मास्तरच ते." वांडेरा रडत होता. "हॅलो? तुला दिसलं ना नाव?"

फोन कट झाला की तिनं ठेवला, तिला कळलं नाही. आई तिच्याकडे बघत होती. ढगाळलेल्या डोळ्यांना लेकीचा चेहरा कितपत दिसत होता कोण जाणे, पण तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

अपोंडी तिच्यासमोर जमिनीवर बसली. "आई, दादा गेला. दुपारी."

खालून माणसांचा आवाज येत होता, कोणाला तरी कोणाचं तरी नाव सापडलं होतं.

"त्याचं नाव आलं होतं," अपोंडी म्हणाली. "त्यानं बरोबर लिहून घेतलं होतं. औषध हवंय हेही लिहिलं होतं. मला ती ओळ खराब वाटली. मी बघितली नाही, तशीच काढून टाकली."

"कधी?"

"काल."

"काल कधी?"

"बारा वाजता. पान पांढरं झालं होतं ना, तेव्हा."

आईचे हात मांडीवर आले, थर्मास धरल्यासारखे, आणि तिथं काहीच नाही हे त्यांना जरा वेळानं कळलं.

"म्हणजे मी इथंच बसले होते," ती म्हणाली. "बाटल्या घेऊन."

"हो, आई."